रोग बरा झाल्यानंतरचा हिशेब

कर्करोगावरील उपचार हा विषय आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत येतो तो बहुधा दोन प्रश्नांच्या रूपाने. रोग्याला उपचार मिळाला की नाही, आणि मिळाला असेल तर त्याचे पैसे कोणी भरले. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांची समाधानकारक उत्तरे अद्यापही मिळालेली नाहीत. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्राने एक तिसरा प्रश्न पुढे आणला आहे. उपचाराने रोग हटला, पण त्याच उपचाराने शरीरातील दुसरे एखादे इंद्रिय दुखावले गेले, तर त्या दुखापतीची जबाबदारी कोणाची? अन्ननलिकेच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या किरणोपचारामुळे हृदयाला पोहोचणारी इजा हे या प्रश्नाचे अत्यंत बोलके उदाहरण आहे. या प्रश्नाची जेवढी दखल सरकारने घ्यायला हवी होती तेवढी त्याने घेतलेली नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की आरोग्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या चळवळींनीही ती घेतलेली नाही.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. आयुष्यभर त्याने अर्थशास्त्र शिकविले. कोणत्या रोग्याला किती किरण द्यावेत हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. परंतु एखाद्या व्यवहाराचा खर्च कागदोपत्री कोणाच्या नावावर मांडला जातो आणि प्रत्यक्षात तो कोणाच्या माथी बसतो हे तपासणे हे अर्थशास्त्राचे जुने काम आहे, आणि त्या नात्यानेच हा लेख लिहिला आहे.

शरीररचनेचा पेच

अन्ननलिका घशापासून जठरापर्यंत छातीच्या मधोमध खाली उतरते. तिच्या पुढे श्वासनलिका, दोन्ही बाजूंस फुप्फुसे, मागे पाठीचा कणा आणि खालच्या अर्ध्या भागात अगदी पुढ्यात हृदय अशी तिची जागा आहे. हृदयाचा डावा कर्णिका-कप्पा तर तिला जवळजवळ टेकलेलाच असतो. तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या किंवा खालच्या भागातील गाठीवर बाहेरून किरण सोडायचे म्हटले म्हणजे त्यांपैकी काही किरण हृदयातून गेल्यावाचून राहत नाहीत. निशाण कितीही अचूक साधले तरी हा पेच शरीररचनेतच आहे.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. शस्त्रक्रिया न करता केमोथेरपीबरोबर द्यावयाच्या किरणोपचाराची प्रचलित मात्रा साधारणतः ५०.४ ग्रे असून ती २८ बैठकांत विभागून दिली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी देतात ती मात्रा काहीशी कमी, ४१.४ ग्रे एवढी असते. या उपचारात संपूर्ण हृदयाला पोहोचणारी सरासरी मात्रा अनेकदा २० ग्रेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक भरते. आजच्या पद्धतीने होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या किरणोपचारात हीच सरासरी सामान्यतः अगदी थोड्या ग्रेंची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या किरणांनी हृदयात नेमके काय होते? लहान रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराला इजा होते, दाह सुरू होतो आणि कालांतराने मऊ पेशीजालाच्या जागी ताठ तंतू वाढू लागतात. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठते आणि हृदयाला पुरते फुगता येत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद होतात. झडपा जाड होतात, ठोक्यांची लय बिघडते, स्नायू ताठरतो. यांपैकी काही गोष्टी काही महिन्यांत दिसतात, तर काही दहा-वीस वर्षांनी.

पुरावा काय सांगतो

किरणांचा हृदयावर होणारा परिणाम प्रथम स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत नीट मोजला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वीडन आणि डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांची माहिती तपासण्यात आली. हृदयाला पोहोचलेल्या सरासरी मात्रेतील प्रत्येक ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते, असे तीत आढळले. अमुक मात्रेपर्यंत काहीच धोका नाही अशी सुरक्षित रेषा त्या अभ्यासात सापडली नाही. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि तिसऱ्या दशकापर्यंत चालू राहते, असेही दिसले. हे प्रमाण अन्ननलिकेच्या रोग्याला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण धोक्याची दिशा त्यातून स्पष्ट होते.

अन्ननलिकेच्या बाबतीत जपानमधील डॉक्टरांनी २००३ सालीच इशारा दिला होता. केमोथेरपी व किरणोपचार घेतलेल्या १३९ रुग्णांचा त्यांनी पाठपुरावा केला. त्यांपैकी ७८ जणांच्या शरीरातून गाठ पूर्णपणे नाहीशी झाली होती. परंतु अशा बऱ्या झालेल्यांपैकीच काहींना पुढे हृदयावरणाचा व फुप्फुसावरणाचा गंभीर विकार झाला, आणि काहींचा मृत्यू कर्करोगाने न होता उपचाराच्या उशिरा दिसलेल्या परिणामांनी झाला. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीच्या आधारे २०१५ साली झालेल्या अभ्यासातही, अन्ननलिकेवर किरणोपचार घेतलेल्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूचा धोका न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळला. त्याच देशात २०२० साली ४७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १८ टक्के रुग्णांना हृदयाची गंभीर व्याधी जडली, आणि ती जडण्याचा मध्यकाळ अवघा सात महिन्यांचा होता. हृदयाला १५ ग्रेपेक्षा अधिक सरासरी मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण जास्त होते. म्हणजे हा धोका दूरच्या भविष्यातला आहे असे समजून तो पुढे ढकलण्याची सोयही येथे उरलेली नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. किरणोपचाराने या रोगात असंख्य माणसे वाचली आहेत. केवळ किरणोपचार आणि केमोथेरपीसह किरणोपचार यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील एका प्रसिद्ध चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. केवळ किरण घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी कोणीही हयात नव्हते. दोन्ही उपचार एकत्र घेतलेल्यांपैकी २६ टक्के हयात होते. नेदरलँड्समधील ३६६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी आणि किरण दिल्यास आयुर्मानाचा मध्य २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर जातो, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा हा लेख वाचून कोणी किरणोपचार टाळील तर तो स्वतःचा घात करून घेईल. घास गिळता न येणे म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला हे सांगावे लागणार नाही.

किंबहुना हृदयाचा प्रश्न निर्माण झाला तो उपचार यशस्वी होऊ लागल्यामुळेच. पूर्वी या रोगाचा माणूस वर्षा-दोन वर्षांत दगावत असे. त्याच्या हृदयाचे पुढे काय होईल हे पाहण्याची वेळच येत नसे. आता काही माणसे पाच आणि दहा वर्षे जगू लागली आहेत. ज्या व्यवस्थेने त्यांना ही वर्षे मिळवून दिली, त्याच व्यवस्थेवर ती वर्षे धड जाण्याचीही जबाबदारी येते.

रोगी कोण आहेत

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी जगात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने मृत्युमुखी पडली. पश्चिमेकडील देशांत या रोगाचा जो प्रकार वाढतो आहे त्याचा संबंध लठ्ठपणा आणि जठरातील आम्ल वर येण्याशी आहे. आपल्याकडचा मुख्य प्रकार वेगळा आहे. तंबाखू, सुपारी, दारू, अतिशय गरम पेये आणि निकृष्ट आहार यांच्याशी त्याचे नाते आहे. ईशान्य भारतात आणि काश्मीरमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे. महाराष्ट्रही त्यापासून मुक्त नाही.

२०१६-१७ सालच्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ व्यक्ती धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, मिश्री, खर्रा, गुटखा वगैरे, वापरीत होत्या. २०१२ सालापासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. पण ती किती पाळली जाते हे कोणत्याही एसटी स्थानकाच्या बाहेर उभे राहिले तरी कळते. हे व्यसन ज्या हातांत अधिक दिसते ते हात ऊसतोडणीचे, हमालीचे, यंत्रमागाचे आणि बांधकामाचे आहेत. भूक मारण्यासाठी आणि पाळी रेटण्यासाठी तंबाखूचा बार भरणाऱ्या माणसाला केवळ उपदेश करून भागत नाही.

मुद्दा असा की ही तंबाखू अन्ननलिकेइतकीच हृदयालाही जाचते. म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राखाली झोपणारा आपला रोगी बहुधा आधीच थकलेले हृदय घेऊन आलेला असतो. त्याचा रक्तदाब कोणी कधी मोजलेला नसतो, मधुमेह आहे की नाही याचा पत्ता नसतो, आणि दोन-तीन महिने धड जेवण न गेल्याने शरीर खंगलेले असते. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत जो धोका दिसला तो आपल्या या रोग्याच्या बाबतीत कमी असेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

यंत्र आणि वर्ग

किरण देण्याच्या पद्धतीवर हृदयाला मिळणारी मात्रा बरीच अवलंबून असते. जुनी पद्धत म्हणजे कोबाल्ट यंत्रातून पुढून आणि मागून सरळ दोन झोत सोडणे. १९५१ साली कॅनडात सुरू झालेल्या या यंत्राने गरीब देशांवर फार मोठे उपकार केले आहेत; आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही 'भाभाट्रॉन' नावाचे स्वदेशी कोबाल्ट यंत्र तयार केले. परंतु छातीच्या मध्यावर समोरून सरळ झोत सोडला की हृदय त्याच्या वाटेत येतेच. त्यानंतर सीटी स्कॅनच्या आधारे तीन बाजूंनी आखणी करण्याची पद्धत आली. पुढे रेखीय त्वरक यंत्रातून किरणांची तीव्रता ठिकठिकाणी कमीजास्त करून गाठीच्या आकाराबरहुकूम किरण देण्याची पद्धत आली. अमेरिकेतील एका मोठ्या केंद्रातील ६७६ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीव्रता-नियंत्रित पद्धतीने उपचार झालेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जुन्या त्रिमितीय पद्धतीच्या तुलनेत कमी आढळले.

याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. एकाच आजाराचे दोन रोगी आहेत. एकाजवळ पैसे आहेत किंवा तो मोठ्या शहरात राहतो. दुसरा आडगावचा आहे आणि जवळचे जे यंत्र मोकळे सापडले त्याखाली त्याला झोपावे लागले. दोघांची गाठ विरघळते. परंतु एकाच्या हृदयाला कमी किरण मिळतात आणि दुसऱ्याच्या हृदयाला अधिक. पाच वर्षांनंतर हा फरक छातीतील कळ बनून उभा राहतो, आणि तेव्हा त्याला कोणी विषमता म्हणत नाही, दैव म्हणतात.

दर दहा लाख लोकसंख्येमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, असा आंतरराष्ट्रीय मानदंड वर्षानुवर्षे सांगितला जातो. आपली लोकसंख्या १४० कोटींच्या वर गेली आहे आणि यंत्रांची संख्या या मानदंडाच्या बरीच खाली आहे. जी आहेत तीही मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. शिवाय केवळ यंत्र आणून भागत नाही. हृदय वाचवून किरण द्यायचे तर प्रत्येक रोग्याची स्वतंत्र आखणी करावी लागते. त्यासाठी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतो, तंत्रज्ञ लागतो आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. बाहेर रांग लागलेली असताना एकेका रोग्याच्या आखणीवर अर्धा दिवस घालविणे सरकारी इस्पितळातील डॉक्टराला परवडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या रांगेचा आहे आणि ती रांग निर्माण करणाऱ्या अंदाजपत्रकाचा आहे.

आता प्रोटॉन उपचाराची भाषा सुरू झाली आहे. प्रोटॉन किरण ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, त्यामुळे पलीकडच्या इंद्रियांना मार कमी बसतो. चेन्नईत २०१९ साली एका खाजगी इस्पितळाने असे केंद्र सुरू केले, आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ साली हा उपचार सुरू झाला. सार्वजनिक संस्थेत तो सुरू झाला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र पुरावा तपासून बोलायचे तर अन्ननलिकेच्या कर्करोगात प्रोटॉनची तुलना करणाऱ्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत उपचाराच्या दुष्परिणामांचा एकूण भार लक्षणीयरीत्या कमी झाला, परंतु तीन वर्षांनी रोग न बळावता जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. अशा एका केंद्रासाठी शेकडो कोटी रुपये लागतात. तेव्हा प्राधान्य कशाला, हा प्रश्न टाळता येणार नाही. माझे मत असे की जिल्ह्याजिल्ह्यांतील रोग्यांना साधी त्रिमितीय आणि तीव्रता-नियंत्रित आखणी मिळेपर्यंत सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा तिकडेच वळला पाहिजे. थोड्यांच्या हृदयाचे पूर्ण रक्षण करण्यापेक्षा पुष्कळांच्या हृदयाचे बऱ्यापैकी रक्षण करणे हे सार्वजनिक पैशाचे पहिले काम आहे.

ढकललेला खर्च

के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाचे विवेचन केले होते. उत्पादन करणारा आपला काही खर्च हिशेबात धरीतच नाही. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांवर, कामगारांवर, नदीवर आणि पुढच्या पिढीवर ढकलून देतो, असे त्याचे म्हणणे होते. कारखान्याच्या धुराला जे लागू पडते ते उपचाराच्या दरपत्रकालाही लागू पडते.

आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली. तीत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचारांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, आणि २०२४ पासून तीही पाच लाखांच्या मर्यादेसह राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली. या योजनांमुळे हजारो गरीब रोग्यांना किरणोपचार मिळाला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांची रचना पाहा. प्रत्येक उपचाराचा एक ठरलेला दर आहे. साध्या किरणोपचाराला एक, तीव्रता-नियंत्रित किरणोपचाराला दुसरा. उपचार झाला, दर चुकता झाला, व्यवहार संपला. आयुष्मान योजनेत इस्पितळातून सुटल्यानंतरच्या औषधपाण्याची जबाबदारी पंधरा दिवसांपुरती घेतली आहे. हृदयाची इजा दिसू लागते ती सात महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी. पंधरा दिवस आणि सात महिने यांच्यामधील ही दरी सर्वस्वी रोग्याने आपल्या खिशातून भरून काढावयाची आहे.

आमच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची हकीकत या ठिकाणी सांगतो. अन्ननलिकेच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन ते बरे झाले. भाकरी पुन्हा गिळता येऊ लागली. दीड वर्षाने त्यांना चालताना दम लागू लागला. गावातील डॉक्टरांनी दमा समजून सहा महिने औषध दिले. छातीवर किरण घेतले होते काय, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि सांगावे असे त्यांना वाटले नाही. रोग तर बरा झाला होता. अखेर एका तरुण डॉक्टराने इको काढविला तेव्हा हृदयाभोवती पाणी साठल्याचे आढळले. ते काढल्यावर त्यांना आराम पडला. या सहा महिन्यांत पतसंस्थेचे कर्ज झाले आणि मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दागिने मोडले गेले. त्यांच्या फायलीत किरणांच्या मात्रेचा कागद होता, पण तो इंग्रजी आद्याक्षरांत होता आणि हृदयाचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता.

अर्थशास्त्रात भविष्यातील नफातोट्याची आजची किंमत काढताना तिला सूट देण्याची रीत आहे. दहा टक्के दराने दहा वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत एकोणचाळीस रुपयांहूनही कमी भरते. आर्थर पिगू यांनी १९२० सालीच म्हटले होते की माणसाला दूरचे नीट दिसत नाही, हा त्याच्या दृष्टीचा दोष आहे, आणि भावी पिढ्यांच्या वतीने दूरवर पाहणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आपल्या विमा योजनांनी हा दृष्टिदोष सुधारण्याऐवजी नियमात बसविला आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे. पण त्याच २०२१-२२ साली सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के इतकाच होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते.

न दिसणारे मृत्यू

हा प्रश्न दाबला जातो याचे आणखी एक कारण आहे. तो आपल्या आकडेवारीत दिसतच नाही. स्वीडन-डेन्मार्कमधील अभ्यास शक्य झाला तो तेथे प्रत्येक नागरिकाची कर्करोगाची नोंद, इस्पितळाची नोंद आणि मृत्यूची नोंद एकमेकींशी जोडता येते म्हणून. आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ सालापासून चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि तिचे काम देशात नावाजले गेले. पण या नोंदण्या कर्करोग मोजतात. पाच वर्षे जगून नंतर छातीत कळ येऊन गेलेला माणूस हृदयविकाराच्या रकान्यात जातो, किंवा कोणत्याच रकान्यात जात नाही. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. ज्या देशात पाचांपैकी जवळजवळ चार माणसे कशाने गेली हे सरकारच्या दप्तरी नाही, तेथे उपचाराने गेलेला माणूस सापडणार कसा?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की आधी जीव वाचू द्या, हृदयाचे नंतर पाहू. हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो; पण हृदय वाचविण्याची वेळ किरणांची आखणी करतानाच असते. शिवाय अधिक मात्रेने अधिक गुण येतो हा समजही चाचण्यांत टिकलेला नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगात ५०.४ ग्रेऐवजी ६४.८ ग्रे दिल्याने काहीच लाभ होत नाही, असे अमेरिकेतील चाचणीने २००२ साली दाखविले. फुप्फुसाच्या कर्करोगात तर ६० ऐवजी ७४ ग्रे दिलेले रुग्ण कमी जगले, आणि हृदयाला मिळालेल्या मात्रेचा त्याच्याशी संबंध दिसला. हे निष्कर्ष २०१५ सालचे. काही रोग्यांच्या बाबतीत किरणांवाचूनही मार्ग निघू लागला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी तीन औषधांची केमोथेरपी दिलेल्या जपानी रुग्णांपैकी तीन वर्षांनी ७२.१ टक्के हयात होते. दोन औषधे आणि किरण दिलेल्यांत हे प्रमाण ६८.३ टक्के होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आपल्याकडे आढळणाऱ्या प्रकारच्याच कर्करोगावरील आहे. मात्र ही तिहेरी केमोथेरपी सोसण्याइतकी ताकद आणि कुशल शस्त्रक्रियेची सोय असलेल्यांनाच तो मार्ग खुला आहे. बाकीच्यांसाठी किरणोपचार अटळ आहे आणि म्हणून त्यातील काळजीही अटळ आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु हृदयावर लक्ष ठेवण्यास फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रक्तदाब मोजणे, साखर आणि चरबी तपासणे, ईसीजी काढणे, ठरावीक काळाने इको करणे एवढे केले तरी पुष्कळ काम होते. रक्तदाबाची आणि चरबीची औषधे आज स्वस्त आहेत. किरणांनी झालेली इजा ती पुसून टाकतील असा दावा कोणी करीत नाही. पण दुखावलेल्या हृदयावरील बाकीचा भार ती निश्चित हलका करतात. असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत त्याची चिकित्सालये आहेत. तेथे या रोग्यांसाठी एक रकाना वाढवावयाचा आहे.

काय मागावे

यूरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली या विषयावर मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. हृदयाला १५ ग्रेहून अधिक सरासरी मात्रा मिळालेला रोगी अधिक धोक्याचा आणि २५ ग्रेहून अधिक मिळालेला अत्यंत धोक्याचा मानावा, आणि अशांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असे त्यांत सुचविले आहे. आपल्या परिस्थितीला धरून पुढील मागण्या करता येतील.

एक, छातीवर किरणोपचार घेणाऱ्या प्रत्येक रोग्याची उपचारापूर्वी हृदयतपासणी व्हावी आणि तिचा खर्च उपचाराच्या दरातच धरावा. दोन, सुट्टीच्या कागदावर हृदयाला मिळालेली सरासरी मात्रा आणि पुढे कोणती लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जावे, हे मराठीत लिहून द्यावे. गावातील डॉक्टरला तो एक कागद दाखविता आला तरी अनेकांचे महिने आणि पैसे वाचतील. तीन, सरकारी विमा योजनांत किरणोपचारानंतरच्या किमान पाच वर्षांच्या हृदयतपासणीचा समावेश करावा. चार, प्रत्येक महसुली विभागात सार्वजनिक क्षेत्रातील पुरेशी रेखीय त्वरक यंत्रे आणि ती चालविणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या कायम जागा निर्माण कराव्यात. कंत्राटी नेमणुकांवर हे काम चालू शकत नाही. पाच, बार्शी आणि मुंबईच्या नोंदण्यांपासून सुरुवात करून कर्करोग आणि मृत्यू यांच्या नोंदी रोग्याची ओळख गुप्त ठेवून एकमेकींशी जोडाव्यात. आणि सहा, गुटखाबंदीची अंमलबजावणी टपरीवाल्यापासून सुरू न करता कारखानदारापासून सुरू करावी.

यांतील कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही आरोग्यसेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. सेवेचा अर्थ त्या वेळी जेवढा होता त्याहून आज तो विस्तारला आहे. केवळ यंत्राखाली झोपायला मिळणे म्हणजे सेवा नव्हे. ते यंत्र किती काळजीने चालविले गेले आणि त्यानंतर कोणी विचारपूस केली की नाही, हेही तीत येते. कामगार संघटनांनी, किसान सभांनी आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी आपल्या मागणीपत्रकांत हा प्रश्न घालावा. आपापल्या तालुक्यात किरणोपचार घेऊन आलेली माणसे कोण आहेत, ती आज कशी आहेत आणि त्यांच्या छातीची तपासणी शेवटची कधी झाली, एवढी साधी पाहणी कार्यकर्त्यांनी जरी केली तरी सरकारच्या दप्तरात नसलेली माहिती हाती येईल. मागणीला बळ येते ते अशाच माहितीने.